पत्रिका छापायला गेली आणि आत्याची झोप उडाली

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कोरेगाव-रहिमतपूर पट्ट्यात मांडवांची दाटी होते. यंदा त्यातला एक मांडव माझ्या आत्याच्या दारात पडणार आहे. आत्याला तीन मुलगे होते. थोरला नऊ वर्षांपूर्वी महामार्गावर गेला, मोटारसायकलवरून घरी येताना. मधला एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेला. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तर त्या दोघांच्याही आधी गेले. धाकटा तेवढा उरला आणि आता त्याचं लग्न ठरलंय.

साखरपुडा छान झाला. मुलगी वाईकडची, हसतमुख, शिकलेली. सगळे खुशीत होते. पण त्या रात्रीपासून आत्या अस्वस्थ होती. पत्रिकेचा नमुना छापखान्यात गेला आणि तिची झोपच उडाली. त्याच दिवशी तिने मला फोन केला. म्हणाली, "आगं, आनंद व्हायला पायजे ना मला? मग ह्यो पोटात गोळा कशाचा येतोय? हळदीचं नाव काढलं तरी हातपाय गार पडत्यात."

घरातल्यांनी आपापली उत्तरं दिली. कोणी म्हणालं नजर लागलीय, कोणी म्हणालं वयामुळे होतं, एकाने तर 'पोरगा हातचा जाईल म्हणून जळफळाट' असंही म्हटलं. मला यातलं काहीच पटलं नाही. गेली काही वर्षं मी शोक या विषयावर मिळेल ते वाचते आहे, आधी घरातल्या दुःखामुळे आणि नंतर सवयीने. आत्याच्या प्रश्नाला शास्त्राकडे बऱ्यापैकी नीट उत्तर आहे. अशा आया आपल्या सातारा जिल्ह्यात घरोघरी आहेत, म्हणून ते सगळ्यांसाठी लिहिते.

माणूस गेल्यावर मेंदूत काय होतं?

घरातले दिवे गेले तरी आपला हात बरोबर बटणाकडे जातो, कारण घराचा नकाशा डोक्यात पक्का असतो. समजा, बटणांचा बोर्ड काढून दुसऱ्या भिंतीवर बसवला. तरीही कितीतरी दिवस हात जुन्याच भिंतीवर चाचपडतो. बोर्ड हलवलाय हे आपल्याला माहीत असतं, हाताला माहीत नसतं.

माणसांचंही तसंच आहे. जवळचं माणूस आपल्या रोजच्या नकाशात असतं: सहाला उठणार, चहा मागणार, शनिवारी येणार. ते गेल्याचं मनाला एका क्षणात कळतं, पण नकाशा एका क्षणात बदलत नाही. आत्या अजूनही अधूनमधून जास्तीचं ताट काढते आणि मग गुपचूप मांडणीत परत ठेवते. मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेंदूची छायाचित्रं घेऊन शोकाचा अभ्यास करतात. त्यांच्या मते शोक हे एक प्रकारचं शिकणं आहे. 'तो कायम आपला आहे' आणि 'तो आता नाही' या दोन्ही गोष्टी मेंदूला एकाच वेळी धरता याव्या लागतात. ते शिकायला शेकडो सकाळी आणि शेकडो रिकामी ताटं लागतात.

हे शिकणं सुरू व्हायला निरोप मदत करतो. दहावा, तेरावा, लोकांचं येणं-जाणं, तेच तेच बोलणं, हे सगळं मेंदूला पुन्हा पुन्हा सांगत असतं की हे खरंच घडलंय. मधल्याच्या वेळी आत्याला यातलं काहीही मिळालं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह तिने लांबूनच पाहिला. चेहरा दिसला नाही, अंत्यविधीला चार माणसं होती, आणि सांत्वनाला येणारे दाराबाहेरूनच परत गेले. २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांच्या घरात असं झालं, त्यांच्यापैकी अनेकांचा शोक अजून अर्ध्या वाटेवर आहे, असं मला फार वाटतं.

'पाच पायऱ्या' विसरा

नाकारणं, राग, वाटाघाट, नैराश्य, स्वीकार अशी पाच नावं मोबाइलवर सतत फिरत असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरांनी १९६९ मध्ये ती मांडली. पण त्या बोलल्या होत्या मुख्यतः स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी. मागे राहिलेल्यांनी हा जिना चढलाच पाहिजे, असा नियम त्यातून निघत नाही. माझ्या मते या जिन्याने नुकसानच जास्त केलंय, कारण नऊ वर्षांनी रडणाऱ्या आईला आपण 'तिसऱ्याच पायरीवर अडकलो' असं वाटायला लागतं.

त्यापेक्षा मला १९९९ मध्ये नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी मांडलेलं चित्र खरं वाटतं. शोकातला माणूस दोन गावांमध्ये खेपा घालणाऱ्या एसटीसारखा असतो. एक गाव दुःखाचं: आठवण, फोटो, रडणं. दुसरं गाव जगण्याचं: दूध घालणं, बँकेत जाणं, ऊस तोडणीची तारीख लावणं. गाडी दिवसातून कितीदाही इकडून तिकडे जाते आणि तेच निरोगी आहे. कायम एकाच गावात मुक्काम पडला की त्रास सुरू होतो. कायम दुसऱ्याच गावात राहणारी, कधीच न रडणारी माणसंही त्यात आली.

मग भीती कुठून आली?

इथपर्यंत दुःखाचं झालं. पण आत्याचा प्रश्न दुःखाचा नव्हता, भीतीचा होता. ती समजायला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, पाटण भागात घरंच्या घरं भुईसपाट झाली. त्यानंतर तिथे लहान धक्के वर्षानुवर्षं बसत राहिले, अजूनही बसतात. तो काळ पाहिलेली माणसं सांगतात, की नंतर मांडणीतलं भांडं वाजलं किंवा रस्त्याने जड ट्रक गेला तरी ते झोपेतून उठून अंगणात धावायचे. जमीन शांत असायची, पण अंग शांत नसायचं.

हे अंगाचं शहाणपण आहे. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डाला. घरातल्या राखणीच्या कुत्र्यासारखं त्याचं काम असतं, धोका दिसला की भुंकायचं. विचार करत बसणं हे त्याचं काम नाही. ज्या घरात दोनदा चोरी झाली, तिथला कुत्रा पान हललं तरी भुंकतो. आत्याच्या मेंदूने दोनदा अनुभव घेतला, की मुलगा घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. पहिल्यांदा महामार्गावरून फोन आला, दुसऱ्यांदा दवाखान्यातून. आता रात्री साडेनऊला मोबाइल वाजला तरी तिचं काळीज धडधडतं, मग फोन सिमकार्ड कंपनीचा का असेना.

शेतकऱ्यांना आणखी सोपं करून सांगते. विहिरीवरची मोटर एकदा जळली, की आपण स्टार्टरचा रिले थोडा खाली सेट करतो, म्हणजे जरा भार वाढला तरी ट्रिप होईल. मोटर वाचते खरी, पण पाणीही नीट निघत नाही, दर पंधरा मिनिटांनी बांधावर पळावं लागतं. मूल गमावलेल्या आईचा रिले असाच फार खाली सेट झालेला असतो. स्टार्टर बिघडलेला नाही. तो जरुरीपेक्षा जास्त राखण करतोय, एवढंच.

आनंदाच्या वेळीच का उसळतं?

बाराव्याला रडू येतं ते कोणालाही कळतं. हळदीत का येतं, ते कळत नाही.

एक कारण सरळ आहे. रोजच्या दिवसात गेलेल्या माणसाची जागा झाकलेली असते. लग्नात ती उघडी पडते, कारण लग्न म्हणजे जागाच जागा. नवरदेवाच्या मागे थोरला भाऊ कोण उभा राहणार? वरातीत बुलेट कोण चालवणार? वहिनीने करायचं ते कोण करणार? थोरल्याचं लग्न झालं असतं तर आज त्याची पोरं मांडवात धावत असती. हा हिशोब कोणी मांडत नाही, पण आईच्या मनात तो आपोआप मांडला जातो. शोकाच्या अभ्यासात याला अचानक उसळणारा शोक म्हणतात. तो सणाला, वाढदिवसाला, लग्नाला येतो, कितीही वर्षांनी येतो, आणि थोड्या काळाने ओसरतो. त्याने माणूस मागे गेला असं होत नाही.

दुसरं कारण जरा खोल आहे. थोरला गेला तेव्हा आत्याच्या घरी नवीन ट्रॅक्टरचे पेढे वाटून आठ दिवस झाले होते. मधला गेला तेव्हा त्याच्या नोकरीचं पत्र आलं होतं. मेंदूला जोड्या लावायची सवय असते. पेढे आणि मग फोन, हे दोनदा झालं की तिसऱ्या वेळी पेढ्याचा वास आला तरी तो पुढच्या फोनची वाट पाहायला लागतो. आपल्या भाषेत या भीतीला जुना शब्द आहे, दृष्ट लागणं. सुख उघड दाखवू नये, बाळाला तीट लावावी, नवरदेवावरून मीठ-मोहरी ओवाळावी. दृष्टीने काही होतं असं मी मानत नाही. पण मीठ-मोहरी ओवाळताना आईच्या हातांना काहीतरी करायला मिळतं. तेवढ्याने तिला झोप लागत असेल तर मी तिला कधीच अडवणार नाही.

आणि तिसरं, तो शेवटचा आहे. तीन मुलांमध्ये वाटलेली काळजी आता एकट्यावर आली. तीन खांबांचं छप्पर एका खांबावर उभं असेल, तर त्या खांबाला हात लावायलाही भीती वाटणारच.

आईचं मुलाशी नातं आतड्याचं असतं म्हणतात. इथे एक छोटी गोष्ट सांगावीशी वाटते. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि टिकून राहतात. १९९६ मध्ये डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका बाईच्या रक्तात, मुलगा झाल्यानंतर तब्बल २७ वर्षांनी, पुरुषाच्या पेशी सापडल्या. या पेशींमुळे दुःख होतं असं कोणीही सिद्ध केलेलं नाही, तसा अर्थ काढू नये. पण आत्याला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत बसली.

"दोन गेली, तिसऱ्याचंही तसंच होणार"

आत्याच्या तोंडून हे निघतं, आणि गावातली काही माणसं ते मोठ्याने म्हणतातही. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

जे आपण जवळून पाहिलं, ते आपल्याला वारंवार घडणारं वाटतं. अ‍ॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७३ मध्ये मनाची ही खोड दाखवून दिली. जे उदाहरण पटकन आठवतं, त्याचीच शक्यता मोठी भासते. आत्याला रस्ता म्हटलं की थोरलाच आठवतो. त्याच रस्त्याने रोज सुखरूप घरी पोचणारी हजारो माणसं आठवत नाहीत, कारण सुखरूप पोचण्याची कधी बातमी होत नाही. महामार्गावरचा अपघात आणि कोरोना यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. दोन असंबंधित मृत्यूंनी तिसरा जवळ येत नाही. नाणं दोनदा काटा पडलं म्हणून तिसऱ्यांदाही काटाच पडेल असं नाण्याला वाटत नसतं.

पण भीतीचं प्रत्येक कारण खोटं असतं असंही नाही. एखाद्या घरात तरणाताठा मुलगा खेळताना किंवा झोपेत अचानक हृदय बंद पडून गेला असेल, तर त्यामागे कधी कधी आनुवंशिक आजार असतो, उदाहरणार्थ हृदयाचा स्नायू जाड होण्याचा. अशा वेळी सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची हृदयतपासणी, म्हणजे ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी), करून घ्यायलाच हवी. तिथे आईला 'उगाच घाबरतेस' म्हणणं चुकीचं आहे. तिची भीती डॉक्टरांपर्यंत न्यावी.

रस्त्याचंही तेच. धाकटा चाकणला कंपनीत आहे. तो दर शनिवारी रात्री मोटारसायकलवरून खंबाटकी उतरून यायचा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, मागे लाल पट्टीसुद्धा नसते. ही भीती आत्याच्या मेंदूने बनवलेली नाही, रस्त्यावर ती खरोखर उभी आहे. लग्नापर्यंत तो आता मोटारसायकलवरून, हेल्मेट घालूनसुद्धा, येत नाही; एसटीने, रविवारी सकाळी येतो. माझ्या दृष्टीने हा भित्रेपणा नाही, भीतीतला खरा भाग बाजूला काढून त्याची सोय करणं आहे. खरा भाग काढून घेतला की उरलेल्या भीतीशी बोलता येतं.

वीस फोनचा हिशोब

धाकटा निघाला की आत्या फोन करायची. शिरवळ आलं का, खंडाळा आला का, घाट उतरला का. एकदा मी मोजले तर वीस फोन झाले होते. त्याने उचलला नाही तर शेजारच्यांना बोलवायची.

यामागचं गणित ओळखीचं आहे. डास चावल्यावर खाजवलं की बरं वाटतं, पण खाज वाढत जाते. प्रत्येक फोनला तो 'आलोच, आई' म्हणतो आणि तिला क्षणभर गार वाटतं. मेंदू त्यातून भलताच धडा घेतो, की फोन केला म्हणून तो सुखरूप आहे. मग न केलेला प्रत्येक फोन धोक्याचा वाटायला लागतो. फोन वाढतात, भीती कमी होत नाही.

एकदम बंद करायला सांगणं क्रूर आहे आणि ते जमतही नाही. आम्ही ठरवलं, की निघताना एक आणि पोचल्यावर एक, दोन्ही तो करेल. मधल्या वेळात ती माझ्याशी किंवा शेजारच्या काकूंशी बोलेल, हवं तर रडेल, पण त्याला फोन करणार नाही. पहिल्या रविवारी तिने पदर तोंडाला लावून अडीच तास काढले. चौथ्या रविवारी ती शेंगा फोडत बसली होती.

यात मुलाचीही जबाबदारी आहे. 'पोचलो' हा फोन त्याने चुकवायचा नाही. लग्नानंतर तर अजिबातच नाही.

भीती सुनेच्या अंगावर ओतू नका

या लेखात मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच.

भीतीला चेहरा नसतो, आणि चेहरा नसलेली गोष्ट सहन करणं फार अवघड. म्हणून मन तिला चेहरा शोधतं. लग्नाच्या घरात नवा चेहरा एकच असतो, येणाऱ्या मुलीचा. मग तिच्या पत्रिकेतला मंगळ निघतो, तिचा पायगुण चर्चेला येतो, ती घरी येऊन गेली आणि गाय आजारी पडली, अशा जोड्या लागायला लागतात. उद्या नवऱ्याला साधा ताप आला तरी तिच्याकडे बोट जाईल. कितीतरी मुलींचं आयुष्य या एका शब्दाने, 'पांढऱ्या पायाची', नासलंय. ज्या मुलीने या घरातल्या मृतांना पाहिलंही नाही, तिच्या माथी ते मरण मारायचं कशाला?

आत्याच्या एका नातेवाइकाने मुलीची जन्मपत्रिका पुन्हा दाखवायचा हट्ट धरला होता. आत्या गप्प होती, आणि तिचं ते गप्प राहणं मला धोक्याचं वाटलं. मी तिला एवढंच विचारलं, "आत्या, थोरला गेला तेव्हा तुला कोण काय म्हणालं होतं, आठवतंय?" तिला आठवत होतं. नवऱ्यामागोमाग पोरगाही गिळला, असं तिच्याच दारात बसून एकजण म्हणाली होती. पत्रिका पुन्हा कोणाकडे गेली नाही.

मुलाने आणि होणाऱ्या सुनेने एक करावं. गेलेल्या भावांबद्दल सुनेला आधीच सगळं सांगावं, त्यांचे फोटो दाखवावेत. सून जेव्हा स्वतःहून विचारते, "मोठे भाऊजी कसे होते?", तेव्हा सासूला तिच्यात परकी मुलगी दिसत नाही, मुलांच्या गोष्टी ऐकणारं नवं माणूस दिसतं.

"विधवा आहेस, हळदीला हात लावू नकोस"

आत्याच्या भीतीत आपणही भर घालतो. सांगायला लाज वाटते, पण घाण्याला कोण बसणार, पहिली हळद कोण लावणार, या बोलण्यात तिला कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी धरलं होतं की सवाष्णी करतील. आपल्या हाताने लेकराचं वाईट होईल, ही शंका तिला आधीच पोखरत असते. 'तू बाजूला हो' म्हणणाऱ्या प्रथेने आपण त्या शंकेवर शिक्का मारतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हे उदाहरण घ्यावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव कागदावर होतात, हळद मात्र घरात लागते. आमच्या घरात पहिली हळद आत्या लावणार आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी दुसरी लावावी.

"जिजाऊंनी नाही का सोसलं?"

हा युक्तिवाद आमच्याकडे हमखास येतो. जिजाऊंचा थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत कामी आला, आणि त्यानंतर नोव्हेंबर १६५९ मध्ये शिवराय प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला निघाले. याच जिल्ह्यातला गड. दुसरं उदाहरण देतात आपल्या अपशिंगे मिलिटरीचं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि तरी आजही तिथे घराघरातून पोरं लष्करात जातात.

ही उदाहरणं मला प्राणाहून प्यारी आहेत. म्हणूनच ती एखाद्या आईला गप्प बसवायला वापरलेली मला सहन होत नाहीत. धीर धरणं म्हणजे न घाबरणं, असं कोणी ठरवलं? अपशिंग्याच्या आया घाबरल्या नसतील का? त्या घाबरल्या असणार, आणि तरी त्यांनी भाकरी बांधून दिली असणार. एकाच बाईच्या पोटात या दोन्ही गोष्टी राहू शकतात.

मूल गमावण्याची किंमत शरीरही मोजतं. डेन्मार्कमध्ये मूल गमावलेल्या हजारो आईवडिलांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा आयांचं स्वतःचंच लवकर मरण्याचं प्रमाण इतर आयांपेक्षा वाढलेलं दिसलं. काळजीने आई खंगली, हे आपण बोलतो ते निव्वळ बोलणं नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं?

बहुतेकांचा शोक औषधाविना, माणसांच्या सोबतीने हळूहळू मवाळ होतो. पण साधारण दहातल्या एकाचा होत नाही. मृत्यू अपघाती असेल किंवा मूल गेलं असेल, तर हे प्रमाण बरंच वाढतं. याला आता दीर्घकालीन शोकविकार असं रीतसर नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत तो आला आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यानुसार किमान सहा महिने उलटले तरी जवळजवळ रोज जीव तोडणारी ओढ किंवा त्याच त्याच विचारात बुडून राहणं, आणि त्यामुळे जेवण, काम, माणसं सगळंच ठप्प होणं, ही खूण. आपापल्या समाजात जेवढा शोक रीतीचा मानला जातो, त्यापेक्षा तो स्पष्ट जास्त असावा लागतो. अमेरिकी डॉक्टरांच्या यादीत प्रौढांसाठी ही मुदत बारा महिने आहे.

शोकाला आजार म्हणणं अनेकांना आवडलं नाही, मलाही सुरुवातीला नाही. आईने मुलासाठी रडणं हा काय रोग आहे? पण नाव दिल्याने उपचार शोधता आले. कॅथरीन शिअर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी सुमारे सोळा बैठकांची बोलण्याची उपचारपद्धती तयार केली. तिच्यात मृत्यूचा तो दिवस सोबतीने पुन्हा सांगायचा, टाळलेल्या जागी हळूहळू जायचं, आणि पुढच्या आयुष्याचाही विचार करायचा असतो. २००५ च्या चाचणीत या पद्धतीने निम्म्या लोकांना स्पष्ट फरक पडला, तर तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या एका मानसोपचाराने २८ टक्क्यांना. २०१६ मध्ये असंही दिसलं, की नैराश्याच्या गोळीने सोबतचं नैराश्य कमी होतं, खुद्द शोक मात्र बोलण्याच्या उपचारानेच हलतो. म्हणून नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने काढू नका.

आत्या काम करते, जेवते, हसतेही. तिची भीती लग्नामुळे उसळलेली आहे, असं मला वाटतं. पण कोणाची आई अंथरुणातून उठत नसेल, 'मला त्याच्याकडे जायचंय' म्हणत असेल, तर एक दिवसही थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती चोवीस तास, मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं.

पत्रिकेवर कोणाची नावं?

आता त्या पत्रिकेकडे येते, कारण आत्याची झोप तिथूनच उडाली होती. नमुन्यावर नवरदेवाचं नाव, मामांचं 'कै.' लावून नाव, चुलत्यांची सगळी नावं होती. दोन्ही भाऊ कुठेच नव्हते. छापखानेवाल्याची चूक नव्हती, आम्हीच दिली नव्हती. शुभकार्यात कशाला, म्हणून.

पूर्वी मानसशास्त्रही म्हणायचं, की मेलेल्यापासून मन सोडवून घ्या. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट मांडलं. मूल गमावलेले आईबाप नातं तोडत नाहीत, ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात, आणि त्यात बिघडलेलं काही नाही. आपल्या रीतीला हे फार आधीपासून ठाऊक होतं. लग्नाच्या आधी नांदीश्राद्ध करतात, ते कशासाठी? गेलेल्यांना मंगलकार्याला बोलावण्यासाठीच ना? त्यात पूर्वजांचा मान असतो, धाकट्याच्या भावांना तिथे जागा नाही, हे मला माहीत आहे. पण मेलेल्याचं नाव घेतल्याने शुभ बाटत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

मी आत्याला विचारलं, नावं घालायची का? ती लगेच हो म्हणाली नाही. "लोक काय म्हणतील," मग "त्या पोरीच्या घरच्यांना आवडंल का," आणि मग बऱ्याच वेळाने, "थोरल्याचं नाव आधी घाला, त्याला मागं राहिलेलं आवडायचं न्हाई."

वाईला फोन धाकट्याने केला. मुलीच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि दोघांच्या नावाचं शुद्धलेखन नीट लिहून पाठवा म्हणाले. काल दुपारी दुरुस्त नमुना आला. आत्याने चष्मा लावून दोन्ही नावांवरून बोट फिरवलं, मग पौषात पालीच्या खंडोबाला पहिली पत्रिका ठेवायला कोण कोण येणार ते विचारलं, आणि धाकट्याला म्हणाली, एसटीनंच जायचं.